नॅसमधल्या डिस्क, रेड आणि व्हॉल्यूम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला, अनेक डिस्कचा साठवणीचा डबा, आणि रेड म्हणजे त्यातल्या डिस्क एकत्र बांधून वापरण्याची पद्धत. यातले बरेचसे प्रश्न लोकांना डिस्क गेल्यावरच पडतात. काहींची उत्तरं आधी वाचून ठेवली तर पुढचा ताप वाचेल. आत्ता या क्षणी तुमचा नॅस बीप-बीप करत असेल, तर वरचं सगळं सोडा आणि थेट ‘व्हॉल्यूम डिग्रेडेड असं दिसतंय’ या प्रश्नावर जा. जाताना हात मागे बांधून जा.

रेड केलंय, मग बॅकअप कशाला?

गाडीत स्टेपनी आहे म्हणून कुणी विमा काढायचा थांबत नाही. रेडचं काम एवढंच, की एखादी डिस्क मेली तरी गाडी रस्त्यात उभी राहू नये. तुम्ही चुकून एखादं फोल्डर उडवलंत तर रेड ते सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे उडवून देतं. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्या कुलूपबंद फाइलींचीही पॅरिटी (हरवलेलं परत काढायचा हिशोब, तो पुढे येतोच) नीट सांभाळतं. चोरी, आग, विजेचा झटका यात तर सगळा डबाच एका दमात जातो.

म्हणून जुना हिशोब अजून चालतो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींची गोठवलेली स्थिती, घेत असाल तर उत्तमच, चुकून उडवलेली फाइल त्यातून मिनिटात परत मिळते. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, तेव्हा तो या तिनांत धरू नका.

डिस्क, पूल, व्हॉल्यूम, शेअर्ड फोल्डर... हे नेमकं काय काय आहे?

उतरंड समजा. सगळ्यात खाली डिस्क. अनेक डिस्क मिळून रेडचा एक गट होतो, त्याला कुणी अ‍ॅरे म्हणतं, कुणी पूल. त्या पुलातून जागा कापून व्हॉल्यूम बनवायचा, व्हॉल्यूमवर फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था) बसते, आणि तिच्यावर शेअर्ड फोल्डर, जे तुम्हाला नेटवर्कवर दिसतात. उतरंडीचा नियम इथेही लागू आहे: खालचं मडकं काढलं की वरची सगळी फुटतात. फोल्डर उडवलं तर फोल्डरच गेलं, पण पूल उडवला तर त्यावरचं सगळंच. ‘डिलीट’चं बटण दाबण्याआधी आपण उतरंडीत कुठल्या पायरीवर आहोत ते स्क्रीनवर दोनदा वाचावं.

एक डिस्क गेली तरी तिच्यावरची माहिती परत येते कशी? कॉपी तर कुठेच नसते.

रेड १ मध्ये असते, शब्दशः आरसा. रेड ५ मध्ये नसते, तिथे पॅरिटी असते. कागदावर करून पाहण्यासारखं आहे.

पहिल्या डिस्कवर १०११ आहे, दुसरीवर ०११०. दोन्हींचे बिट एकाखाली एक मांडा. सारखे असतील तर ० लिहा, वेगळे असतील तर १. उत्तर येतं ११०१. ही पॅरिटी, ती तिसऱ्या डिस्कवर गेली. आता दुसरी डिस्क मेली. उरल्या १०११ आणि ११०१. तोच नियम पुन्हा लावा: ०११०. हरवलेली डिस्क परत आली!

डिस्क कितीही असल्या तरी कृती हीच, आणि पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर आळीपाळीने वाटलेली असते. यातच रेड ५ ची मेख आहे. बेरजेतला एक आकडा हरवला तर बाकीच्यांवरून काढता येतो, दोन हरवले तर गणित सुटत नाही. रेड ६ मध्ये वेगळ्या सूत्राने काढलेली दुसरी पॅरिटी असते, म्हणून तिथे दोन गेल्या तरी सुटतं.

मग रेडची कोणती लेव्हल, म्हणजे कोणता प्रकार घेऊ?

थोडा इतिहास: १९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडवरचा शोधनिबंध मांडला, त्यात १ ते ५ याच लेव्हल होत्या. ० आणि ६ ही नावं नंतर रूढ झाली. आज २, ३, ४ जवळपास कुणी वापरत नाही.

दोन डिस्क असतील तर रेड १, विचार करू नका. चार असतील तिथे खरा प्रश्न येतो. ४ टीबीच्या चार डिस्क धरा. रेड ५ मध्ये १२ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेलेली चालते. रेड ६ मध्ये ८ टीबी, कुठल्याही दोन गेलेल्या चालतात. रेड १० मध्ये डिस्कच्या आरसा-जोड्या असतात. तिथेही ८ टीबीच, पण दुसरी डिस्क कोणती जाते यावर सगळं ठरतं: उरलेल्या तिघींपैकी पहिलीची जोडीदारीण गेली तर खेळ संपला, बाकी दोघींपैकी कुठलीही गेली तर निभावलं. रेड १० चा फायदा म्हणजे लिखाणाचा वेग, आणि रीबिल्डमध्ये, म्हणजे गेलेलीची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा भरताना, फक्त जोडीची एकच डिस्क वाचावी लागते.

माझं मत: मोठ्या डिस्कवर, म्हणजे ८ टीबी आणि पुढे, रेड ५ करू नये. कारण रीबिल्डच्या प्रश्नात आहे. रेड ० ला तर मी रेड मानतच नाही, एक डिस्क गेली की सगळं जातं. तात्पुरत्या, पुन्हा तयार करता येणाऱ्या फाइलींसाठी ठीक.

१२ टीबी मिळायला हवे होते, दिसतात १०.९. जागा कुठे गेली?

कुठेही नाही. डिस्क बनवणारा १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्यं इतके बाइट धरतो. बऱ्याच सिस्टिम १०२४ च्या पटीत मोजतात, त्या मापाने १२ टीबीचे १०.९१ होतात. याखेरीज फाइल सिस्टिम आणि नॅसची स्वतःची सिस्टिम थोडी जागा घेते.

वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क एकत्र चालतात का?

चालतात, पण साध्या रेडमध्ये सगळ्यांना सगळ्यात लहानीच्या मापाने मोजलं जातं. ४, ४, ८, ८ टीबी अशा चार डिस्कवर रेड ५ केलं तर १२ टीबीच मिळतील, मोठ्या दोघींचा वरचा अर्धा भाग वाया. सायनॉलॉजीच्या एसएचआरसारख्या पद्धती डिस्कचे तुकडे पाडतात: चौघींच्या ४-४ टीबीचं रेड ५, म्हणजे १२, आणि मोठ्या दोघींच्या उरलेल्या ४-४ चा आरसा, म्हणजे आणखी ४. एकूण १६.

डेस्कटॉपची साधी डिस्क नॅसमध्ये टाकली तर?

चालू होईल. त्रास दोन गोष्टींचा होतो.

पहिली, हट्ट. साध्या डिस्कला एखादा सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) वाचता आला नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी कधी मिनिटभराहूनही जास्त. ती एकटी असते तेव्हा हे योग्यच आहे. पण रेडमध्ये बाकीच्या डिस्क तिची वाट पाहत उभ्या राहतात आणि शेवटी कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारा भाग, म्हणतो, ही मेली. डिस्क बाहेर फेकली जाते, प्रत्यक्षात धडधाकट असूनही. नॅससाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात आणि ‘हा सेक्टर तुम्हीच पॅरिटीवरून काढा’ असं सांगून मोकळ्या होतात.

दुसरी, एसएमआर. या डिस्कवरचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. कौलारू छपराचं मधलं एक कौल बदलायचं तर आजूबाजूची उचकटावी लागतात, तसंच इथे. रोजच्या किरकोळ वापरात हे जाणवत नाही, कारण डिस्क आधी एका राखीव पट्ट्यात लिहून घेते आणि सवडीने हलवते. रीबिल्डमध्ये मात्र तासन्‌तास सलग लिहायचं असतं, सवड मिळतच नाही, आणि वेग रांगण्यावर येतो. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. मॉडेल क्रमांक टाकून ती सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकावर एक न चढलेली, आहे का हे उत्पादकाच्या यादीत बघा.

व्हॉल्यूम डिग्रेडेड असं दिसतंय. आता काय करू?

पहिल्या दहा मिनिटांत काहीच करू नका. हे उत्तर लोकांना आवडत नाही, पण माझ्या पाहण्यातली बरीचशी माहिती डिस्क मेल्याने गेलेली नाही. डिस्क मेल्यानंतरच्या अर्ध्या तासात माणसाच्या घाईने गेली आहे. डिग्रेडेड म्हणजे माहिती शाबूत आहे, फक्त संरक्षण संपलंय किंवा कमी झालंय.

आधी बॅकअप कधीचा आहे ते बघा. जुना असेल तर सगळ्यात महत्त्वाची फोल्डर आत्ताच दुसरीकडे उतरवून घ्या, रीबिल्ड सुरू करण्याआधी. मग लॉग वाचा: डिस्क खरंच बिघडली, की केबल किंवा ट्रे सैल होऊन गायब झाली?

त्यानंतर सगळ्यात धोक्याचं काम, म्हणजे नेमकी तीच डिस्क ओळखणं. लिनक्सवर आधारलेल्या नॅसमध्ये एमडीस्टॅट ही स्थितीची फाइल उघडली तर चार डिस्कच्या अ‍ॅरेसाठी चौकटी कंसात चार खुणा दिसतात. धडधाकट डिस्कसाठी इंग्रजी ‘यू’, गेलेलीच्या जागी नुसती अधोरेषा. तिसऱ्या जागी अधोरेषा दिसली म्हणून तिसऱ्या खणातली डिस्क ओढली, हे मी स्वतः केलेलं आहे. सॉफ्टवेअर मोजतं शून्यापासून, डब्यावर आकडे असतात एकपासून, आणि खुणांचा क्रम खणांच्या क्रमाशी जुळेलच असंही नाही. मी काढली ती चांगली डिस्क निघाली. सहा डिस्कचं रेड ६ होतं म्हणून वाचलो. रेड ५ असतं तर व्हॉल्यूम तिथेच बसला असता. डिस्क परत सरकवली, बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवणारा बिटमॅप चालू होता, त्यामुळे काही मिनिटांत ती रांगेत आली. पण त्या काही मिनिटांत मी खुर्चीवर बसलो नव्हतो.

तेव्हापासून एक नियम आहे. डिस्क बसवतानाच तिच्या सिरियल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून ट्रेच्या तोंडावर चिकटवायचे. बिघाड झाला की स्क्रीनवरचा सिरियल आणि पट्टीवरचे आकडे जुळवायचे, मगच हात लावायचा. नॅसमध्ये खणाचा दिवा लुकलुकवण्याची सोय असेल तर तीही वापरा.

नवी डिस्क निदान जुनीएवढ्या आकाराची हवी. ती बसवून ‘रिपेअर’ किंवा ‘रीबिल्ड’ निवडा. स्क्रीनवर ‘इनिशियलाइझ’, ‘क्रिएट’, ‘फॉरमॅट’ यातलं काही आलं तर थांबा. हे शब्द मदतीला आल्यासारखे दिसतात, पण त्यांचा अर्थ ‘पाटी पुसा’ असा आहे.

रीबिल्डला किती वेळ लागतो?

साधा भागाकार करा. ८ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला १५० एमबी या वेगाने भरायची तर जवळजवळ १५ तास. हे कुणी नॅस वापरत नसताना. लोक काम करत असतील तर दोन-तीन दिवसही जातात. सुरुवातीला दाखवलेली वेळ पुढे वाढत गेली तर घाबरू नका, डिस्कच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो आणि आत सरकताना तो उतरतो.

आता रेड ५ बद्दलचं राहिलेलं उत्तर. ८ टीबीच्या चार डिस्कमधली एक गेली, तर रीबिल्डसाठी उरलेल्या तिन्ही शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे २४ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १ वर चौदा शून्यं इतक्या बिटमागे न वाचता येणारी एक चूक गृहीत धरलेली असते, म्हणजे दर १२.५ टीबीला एक. ही उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क बऱ्याच चांगल्या वागतात. तरी त्या १५ तासांत वापरायला एकही पॅरिटी शिल्लक नसते. काही कंट्रोलर अशा एका सेक्टरपायी सगळं रीबिल्ड सोडून देतात. झेडएफएस ही फाइल सिस्टिम रेडही स्वतःच सांभाळते, ती निदान कोणती फाइल बिघडली तिचं नाव सांगतं आणि पुढे जातं. रेड ६ मध्ये अशा वेळी दुसरी पॅरिटी हाताशी असते. शिवाय सगळ्या डिस्क एकाच दिवशी, एकाच लॉटमधून घेतलेल्या असतील तर त्या म्हाताऱ्याही बरोबरच होतात.

रीबिल्ड चालू असताना दुसरी डिस्कही गेली. सगळं संपलं का?

बहुधा नाही, पण आता इथून पुढे तुम्ही काय करता त्यावर आहे.

नॅस बंद करा. दोन डिस्क एकाच मिनिटाला गेल्या असतील तर संशय डिस्कवर घेऊ नका, त्या ज्या केबलवर, पॉवरवर किंवा बॅकप्लेनवर (डिस्क ज्यात खोचतात ती मागची पाटी) आहेत त्यांच्यावर घ्या. एकेक डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून ती दिसते का बघा. दिसत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची तंतोतंत प्रत नव्या डिस्कवर काढा, आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतींवरच करा, मूळ डिस्क कपाटात.

एमडी रेडमध्ये, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, प्रत्येक डिस्कवर घटनांचा एक मोजणी-आकडा लिहिलेला असतो. आधी बाहेर पडलेल्या डिस्कचा आकडा मागे राहिलेला दिसतो, शेवटी पडलेलीचा बाकीच्यांच्या अगदी जवळ. सक्तीने जुळणी करायची तर ही शेवटी पडलेली डिस्क घ्यायची. आधी गेलेलीवरची माहिती शिळी असते, तिला घेतलं तर अ‍ॅरे उभा राहील पण फाइलींची खिचडी होईल. हे वाचून पोटात गोळा येत असेल आणि माहिती मोलाची असेल, तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे सगळ्या डिस्क, खणांच्या क्रमासह, जशाच्या तशा द्या. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती पुन्हा चालू करूच नका.

स्मार्टच्या रिपोर्टमध्ये काय बघायचं?

स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद. त्यात इतके आकडे असतात की माणूस बघणंच सोडून देतो. चार पुरेत. ५ क्रमांक: बदली दिलेले सेक्टर. १९७: संशयित, निकाल लागायचा आहे असे सेक्टर. १९८: वाचता न आलेले. १९९: डिस्क आणि कंट्रोलर यांच्या दरम्यान बिघडलेली माहिती, यात दोष बहुतेक वेळा केबलचा असतो, डिस्कचा नव्हे.

आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. ५ क्रमांकावर ८ येऊन वर्षभर ८ च राहिले तर मी ती डिस्क ठेवतो. या आठवड्यात ८, पुढच्या आठवड्यात ४० झाले तर ती स्वतः मरायची वाट न पाहता बदलतो. आणि ‘स्मार्ट : ठीक’ या हिरव्या शब्दावर जाऊ नका, तो हिरवा असतानाही डिस्क मरतात. दर महिन्याला एक लांब चाचणी लावून ठेवा आणि इशाऱ्याचा ईमेल खरंच येतो का हे एकदा पाठवून बघा.

स्क्रबिंग, म्हणजे सगळ्या डिस्क अधूनमधून वाचून तपासणं, गरजेचं आहे का? डिस्क उगाच राबतात.

गरजेचं आहे. चार वर्षांपूर्वीचे फोटो कुणी उघडत नाही, त्यामुळे त्यांच्याखालचा सेक्टर खराब झाला तरी कळत नाही. कळतं ते रीबिल्डच्या दिवशी, जेव्हा उशीर झालेला असतो. स्क्रब सगळं वाचून काढतो आणि पॅरिटी हाताशी असतानाच दुरुस्ती होते. डेबियनमध्ये एमडी रेडची अशी तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप लागलेली असते. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवतात, त्यामुळे दोन प्रतींपैकी खरी कुठली हे त्यांना कळतं. साध्या रेडला दोन्ही जुळत नाहीत एवढंच कळतं.

हॉट स्पेअर, म्हणजे आधीच बसवून ठेवलेली राखीव डिस्क, ठेवू का?

नॅस दूर असेल, डिस्क बदलायला कुणी लगेच पोचणार नसेल, तर हो. पण चार डिस्कचं रेड ५ आणि पाचवी स्पेअर अशी रचना असेल, तर त्यापेक्षा पाचही डिस्कचं रेड ६ बरं. जागा तेवढीच मिळते आणि पाचवी डिस्क नुसती बसून राहत नाही.

जागा संपत आली. व्हॉल्यूम वाढवता येतो का?

दोन रस्ते आहेत. रिकामा खण असेल तर नवी डिस्क घालून अ‍ॅरे रुंद करायचा. नसेल तर एकेक डिस्क मोठ्या डिस्कने बदलायची, प्रत्येक वेळी रीबिल्ड पूर्ण होऊ द्यायचं, आणि शेवटची बदलली की व्हॉल्यूम ताणायचा. दुसऱ्या रस्त्यावर चार डिस्कसाठी चार रीबिल्ड होतात, म्हणजे रेड ५ वर चार वेळा विनासंरक्षण प्रवास. आधी ताजा बॅकअप घ्या. झेडएफएसच्या रेड-झेडमध्ये (तिच्या स्वतःच्या पॅरिटी रेडमध्ये) एकच डिस्क वाढवता येत नसे. ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, ते जमतं. आणि अगदी शंभर टक्के भरेपर्यंत थांबू नका, ८० च्या पुढे वेग उतरू लागतो.

लाइट गेली तर रेडला काही होतं का?

रेड ५ आणि ६ मध्ये माहिती आणि तिची पॅरिटी अशा दोन जागी लिहायचं असतं. एक लिहून झालं आणि दुसरं लिहायच्या आत लाइट गेली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. याला राइट होल म्हणतात, आणि ते लगेच दिसत नाही, पुढे डिस्क गेल्यावर चुकीची माहिती बाहेर येते. झेडएफएसची लिहिण्याची रीतच वेगळी असल्याने तिथे ही भानगड नाही. बीटीआरएफएसचं स्वतःचं रेड ५/६ मात्र याच कारणाने टाळावं. यूपीएस घ्या, आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडा. ती खोक्यातच पडून राहते. तिच्याशिवाय बॅटरी संपत आल्याचं नॅसला कळणार कसं?

एसएसडी कॅश, म्हणजे डिस्कच्या पुढे वेगवान तात्पुरती जागा, लावल्याने वेग वाढेल का?

मोठ्या व्हिडिओ फाइली नुसत्या इकडून तिकडे नेत असाल तर फारसा नाही, तिथे नेटवर्कच आधी अडतं. लहान लहान फाइली, डेटाबेस, व्हर्च्युअल मशिन यांना फरक पडतो. लिखाणाची कॅश लावणार असाल तर दोन एसएसडींचा आरसा करा. एकाच एसएसडीवर ठेवलेली, अजून डिस्कपर्यंत न पोचलेली माहिती तिच्याबरोबरच जाते.

डिस्क ठीक आहेत, नॅसचा डबाच बंद पडला. आता?

सॉफ्टवेअर रेड असेल तर अ‍ॅरेची कुंडली डिस्कवरच लिहिलेली असते. त्याच कंपनीच्या जुळणाऱ्या मॉडेलमध्ये डिस्क घातल्या की बहुधा उभं राहतं, किंवा लिनक्स कॉम्प्युटरला जोडूनही वाचता येतं. क्रम चुकला तरी चालतं, पण उगाच चुकवू नका. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर त्याच कुळातलं कार्ड शोधावं लागतं. व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केलेला असेल आणि त्याची किल्ली फक्त त्या बंद डब्यातच असेल, तर डिस्क कितीही धडधाकट असोत, उपयोग नाही. किल्लीची प्रत आजच दुसरीकडे ठेवा.

बदललेली जुनी डिस्क टाकून द्यायची किंवा गॅरंटीत परत पाठवायची आहे. एकट्या डिस्कवरून कुणाला काय वाचता येणार?

रेड १ मधली असेल तर सगळं. रेड ५ मधलीवर तुकडे असतात, पण तुकडा दिसतो तेवढा लहान नसतो. एमडी रेडमध्ये तो सहसा ५१२ केबीचा असतो, आणि स्कॅन केलेलं एखादं ओळखपत्र किंवा पासवर्डची यादी त्यात सहज अख्खी मावते. डिस्क चालू असेल तर ती पूर्ण पुसून द्या. चालूच होत नसेल तर पुसणार कशी, म्हणून व्हॉल्यूम पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्टेड असलेला बरा. तसा नसेल आणि आतली माहिती नाजूक असेल, तर मी गॅरंटीवर पाणी सोडतो आणि ड्रिल मशिन काढतो.